मासे ठणठणीत, प्रवाळ मात्र मिटलेलं

प्रश्न (लातूरहून एक वाचक, नाव न छापण्याची विनंती): सर, नमस्कार. तीन वर्षांपासून घरी खाऱ्या पाण्याचा टँक आहे. पाणी साधारण १८० लिटर, दगड सिरॅमिकचे, खाली अरॅगोनाइट वाळू. क्लाउनफिशची जोडी, आणि प्रवाळांपैकी एक लेदर कोरल, थोडे मशरूम, स्टार पॉलिप आणि झोअँथिडच्या (म्हणजे झोआच्या) चार वसाहती आहेत. एप्रिलच्या मध्यापासून सगळं बिघडत चाललंय. आधी क्लीनर श्रिंप (कोळंबी) गेली. कात टाकताना अडकली असं वाटलं. आठ-दहा दिवसांत दोन्ही टर्बो गोगलगायी काचेवरून खाली पडल्या त्या उठल्याच नाहीत. आता झोआ दिवसभर मिटलेल्या असतात, लेदर कोरल तीन आठवडे उघडलेलं नाही, स्टार पॉलिपची नुसती जांभळी चटई दिसते. मासे मात्र ठणठणीत, हाताजवळ येऊन खातात. मोजमाप असं: तापमान २६, घनता १.०२५, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०५, अल्कलिनिटी ८.५, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३००. उन्हाळा म्हणून पाण्यावर दोन पंखे लावलेत. रोज पाच-सहा लिटर पाणी आटतं, ते घरच्या आरओचं भरते. आरओ मार्चमध्ये नवा घेतला, कॉपरवाला. सासऱ्यांना तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायची सवय आहे, त्यांच्यासाठी. कोरल अशक्त झालं म्हणून लाइट आठ तासांवरून दहा तास केला, अमिनो ॲसिडचे थेंब सुरू केले. काही फरक नाही. सगळे दगड काढून उकळत्या पाण्यात टाकावेत, ब्रशने घासून पहिल्यापासून सुरुवात करावी का? घरचे म्हणतात, आपल्या भागात माणसांना पाणी पुरत नाही, तिथं घरात समुद्र कशाला? मलाही आता तसंच वाटायला लागलंय.

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातल्या दगड उकळण्याच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, कारण तो थांबू शकत नाही. दगड उकळू नका. गरम पाणी ओतू नका, कोरडा ब्रश मारू नका, आणि घरातल्या कुणालाही ते करू देऊ नका. झोअँथिड वर्गातल्या, विशेषतः पॅलिथोआ गटाच्या, काही प्रवाळांमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. निसर्गात सापडणाऱ्या अत्यंत जहाल विषांपैकी हे एक. दगड उकळला की ते वाफेबरोबर हवेत येतं, आणि बंद खोलीत ती हवा श्वासात गेलेल्या लोकांना ताप, खोकला, धाप लागून दवाखान्यात दाखल व्हावं लागल्याच्या घटना परदेशात घडलेल्या आहेत. घरातली लेकरं आणि कुत्रीसुद्धा त्यातून सुटली नाहीत. झोआ असलेल्या दगडाला हात लावायचा तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी टँकमध्ये हातच घालायचा नाही. आणि ते दगड स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही धुवायचे नाहीत.

आता तुमचं मोजमाप. ते पाहून मला खरोखर समाधान वाटलं. अल्कलिनिटी ८.५, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० हे आकडे मऊ प्रवाळाच्या टँकला पुरून उरतात. नायट्रेट १० हे काही संकट नाही. मे महिन्यात लातूरला २६ अंश राखणं ही तर मेहनतीची गोष्ट आहे. म्हणजे तुम्ही जे जे मोजता ते ठीक आहे. मग बिघाड न मोजलेल्या ठिकाणी असणार, आणि ते ठिकाण तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय, जाता जाता, सासऱ्यांच्या सवयीबद्दल सांगताना. नवा आरओ कॉपरवाला आहे.

मेलेल्यांचा क्रम बघा. पहिली श्रिंप, मग गोगलगायी, मग प्रवाळ मिटलं, आणि मासे मात्र मजेत. चाळीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवल्यावर हा क्रम वाचला की दुसरं काही सुचतच नाही. कोळंबीच्या आणि गोगलगायीच्या रक्तात आपल्यासारखं लोह नसतं. प्राणवायू वाहून नेणारं त्यांचं द्रव्य तांब्याचं बनलेलं असतं. तरीही पाण्यातलं मोकळं तांबं थोडंसं वाढलं की हेच जीव सर्वांत आधी जातात. शरीराला जेवढं लागतं तेवढं ते मोजून घेतात, वरचं बाहेर टाकायची ताकद त्यांच्यात फार कमी. मासे बरंच सहन करतात. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर वेगळ्या टँकमध्ये माशांना जो तांब्याचा उपचार देतात, तो लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. त्या पाण्यात मासा जगतो आणि परजीवी पाण्यात पोहत असतानाच्या अवस्थेत मरतो. अशा पाण्यात श्रिंप टिकत नाही, प्रवाळ टिकत नाही.

प्रवाळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. मोसंबीच्या खोडाला आपण बोर्डो पेस्ट लावतो, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. त्याने बुरशी मरते, आणि विहिरीतलं, हौदातलं शेवाळही मरतं. प्रवाळाच्या मांसल भागात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि प्रवाळाचं बहुतेक पोट त्याच अन्नावर भरतं. तांबं एकीकडे प्रवाळाच्या पेशींना बोचतं आणि दुसरीकडे त्याच्या या भाडेकरूला मारतं. म्हणूनच तुमचं लेदर कोरल उघडत नाही. लेदर कोरल अधूनमधून मेणासारखी पातळ साय अंगावर आणून काही दिवस मिटून बसतं. तसं असतं तर मी काळजी करू नका असं लिहिलं असतं. पण तीन आठवडे, तेही गोगलगायी गेल्यानंतर, हे साय टाकणं नव्हे.

आता हिशेब करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. तुमचं मशीन नेमकं किती तांबं सोडतं हे मशीनवर ठरतं, मी ०.०५ धरतो. रोज सरासरी पाच लिटर, साठ दिवस, म्हणजे ३०० लिटर. त्यातून टँकमध्ये आलं १५ मिलिग्रॅम तांबं. पाणी उडून गेलं, तांबं उडत नाही. १८० लिटरमध्ये ते वाटलं तर लिटरला ०.०८ मिलिग्रॅम. मशीनने ०.०५ ऐवजी ०.१ सोडलं असेल, तर हा आकडा ०.१७ च्या जवळ जातो, म्हणजे थेट माशांच्या औषधाचा डोस. काही तांबं दगडांनी आणि वाळूने धरून ठेवलं असेल, काही पाणी बदलताना गेलं असेल, तेवढी सूट धरा. पण सासऱ्यांनी प्यायलेला पेला आणि तुम्ही टँकमध्ये ओतलेला तांब्या यांत फरक हा की, सासऱ्यांच्या शरीरातून ते रोज बाहेर पडतं, टँकमध्ये ते रोज साठतं. त्यांच्यासाठी मशीन योग्यच आहे, ते बदलू नका.

टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा एकत्रित आकडा सांगतो. ११० च्या टीडीएसमध्ये ०.०५ मिलिग्रॅम तांबं आहे की नाही, हे त्याला दिसूच शकत नाही. तांब्याचे साधे टेस्ट किटही इतक्या कमी प्रमाणात रंग नीट दाखवत नाहीत. टँकच्या पाण्यावर शून्य आलं म्हणून सुटलो असं समजू नका.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय कारण मी स्वतः यातून गेलोय. २०११ मध्ये माझ्या परभणीच्या घरच्या टँकमधल्या माशांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. पुण्यातल्या एका दुकानातून औषध मागवलं. कोरलला चालतं, असं सांगितलं होतं. बाटलीवरची बारीक अक्षरं मी वाचली नाहीत. मासे पाच दिवसांत बरे झाले आणि तीन आठवड्यांत बाकीचा टँक गेला. बायकोने लातूरच्या माहेरून आल्या आल्या विचारलं होतं, "आज काचेवर काहीच का हलत नाही?" तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रात्री लाइट बंद झाल्यावर निरोगी टँकच्या काचेवर टॉर्च मारला की पिसवांसारखे बारीक पांढरे जीव इकडून तिकडे पळताना दिसतात. ते सगळे गेले होते. पाणी कितीही बदललं तरी दगड थोडं थोडं तांबं परत सोडत राहिले. शेवटी वर्षभराने मी सगळा दगड आणि वाळू काढून टाकली. तुमच्याकडे डोस लहान आहे आणि हळूहळू साठलेला आहे. म्हणून तुमच्या टँकची वेळ अजून गेलेली नाही असं मला मनापासून वाटतं.

आजच आरओच्या नळाचं पाणी भरणं थांबवा. मशीन दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलवा आणि त्याला एवढंच सांगा की, मेंब्रेनमधून निघालेलं पाणी कॉपर आणि मिनरलच्या कार्ट्रिजमध्ये जाण्याआधी एका वेगळ्या बारीक नळीने बाहेर काढून दे. टी-जोड लागतो, काम अर्ध्या तासाचं आहे. मशीनला टीडीएस वाढवायचा छोटा व्हॉल्व्ह असेल, तर तो या नळीवर परिणाम करत नाही ना हे बघून घ्या; त्या व्हॉल्व्हमधून न गाळलेलं पाणी मिसळतं. पुढे त्या नळीला मिक्स्ड बेड रेझिनचा छोटा डबा जोडा, त्यातून शून्य टीडीएसचं पाणी येतं. हे होईपर्यंत चार-आठ दिवस जारचं पाणी चालेल का, असं तुम्हाला वाटेल. प्लँटवाल्याला नुसतं विचारून भरू नका. मीटर लावा, आणि तेही तात्पुरतंच.

पाणी बदलताना घाई नको. दर चार-पाच दिवसांनी २० टक्के, म्हणजे ३६ लिटर, असं तीनदा. त्यासाठी दर वेळी साधारण सव्वा ते दीड किलो साल्ट मिक्स लागेल. तीन वेळा वीस टक्के बदललं की आधीचं जवळजवळ निम्मं निघून जातं. एकदम निम्मं बदलूनही हिशेब तोच येतो, पण आधीच दुबळ्या झालेल्या जिवांवर तो धक्का नको. नवं पाणी आदल्या रात्री बादलीत मिसळून, पंप लावून, टँकच्या तापमानावर आणून ठेवा. घनता बघताना काट्यावर हवेचे बुडबुडे चिकटलेले नाहीत ना ते पाहा. चिकटले तर काटा उगाच वर जातो आणि खरं पाणी आपल्या समजुतीपेक्षा फिकं असतं. जमल्यास रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा भिंगातून मोजायचं उपकरण) घ्या आणि तो ३५ च्या तपासणी द्रावणावर लावून घ्या. काढलेलं खारं पाणी कुंडीत किंवा अंगणात ओतू नका, काळी माती त्याने वर्षानुवर्षं सुधारत नाही. ते थेट गटारात सोडा.

सोबत ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा आणि दर दोन आठवड्यांनी बदला. पॉली-फिल्टर नावाचा एक पांढरा चौकोनी पॅड मागवता आला तर फार बरं. तो तांबं शोषतो आणि तसं झालं की निळसर दिसायला लागतो. म्हणजे आपलं निदान बरोबर होतं की चूक, हेही तो सांगेल. निळा पडला तर नवा पॅड लावा, आणि पांढरा राहीपर्यंत लावत राहा.

अमिनो ॲसिड बंद करा. लाइट परत आठ तासांवर आणा, पहिले पंधरा दिवस सातच चालेल. आजारी शैवालावर जास्त उजेड टाकणं म्हणजे तापलेल्या माणसाला उन्हात बसवणं. नवी श्रिंप, नव्या गोगलगायी दोन महिने आणू नका. त्याऐवजी रोज रात्री दहाच्या सुमारास टॉर्च लावून काच बघा. ते पिसवांसारखे जीव परत दिसायला लागले की समजा, पाणी निवळतंय. प्रवाळ त्यानंतर उघडेल, आधी स्टार पॉलिप, मग झोआ, आणि लेदर सर्वांत शेवटी.

एक शंका मात्र तुमच्याकडून दूर करून हवी. श्रिंप मेली त्याच्या आदल्या दिवशी त्या खोलीत डासांचा, झुरळांचा स्प्रे मारला होता का, किंवा घरात पेस्ट कंट्रोल झालं होतं का? ती रसायनं हवेतून, पंख्यातून थेट पाण्यात जातात आणि कोळंबी काही तासांत मारतात. तसं असतं तर गोगलगायी आठ-दहा दिवस थांबल्या नसत्या असं मला वाटतं, पण आठवून लिहा.

पंख्यांबद्दल तुमचं कौतुक करतो आणि एक सावधानताही सांगतो. आपल्या कोरड्या हवेत पाण्यावर पंखा हे महागड्या चिलरच्या तोडीचं साधन आहे. सहा लिटर पाणी वाफ होऊन जाताना जी उष्णता नेतं, ती जवळपास चार युनिट विजेइतकी असते. मुंबईच्या दमट हवेत हेच पंखे अर्धंही काम करत नाहीत. पण त्याच खोलीत खिडकी बंद करून कूलर लावलात तर खोलीची हवा मुंबईसारखी होते, आणि टँकचं तापमान चढायला लागतं. कूलर लावायचा तर समोरची खिडकी उघडी हवी. मृगाचा पाऊस पडला की पाणी आटणं निम्म्यावर येतं, तेव्हा भरण्याचं प्रमाण त्याच दिवशी कमी करा. सवयीने पाच लिटर ओतत राहिलात तर पाणी फिकं होईल.

राहिला घरच्यांचा प्रश्न. तो टोमणा नाही, खरा प्रश्न आहे, आणि मी तो टाळणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर, दहा वाघिणींत. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि शेजारच्या मावशी घागरी रांगेत लावून पहाटे तीनपासून बसायच्या. मी माझा टँक त्या एप्रिलमध्ये बंद केला. प्रवाळ पुण्याच्या एका मित्राकडे दिलं, काच पुसून पालथी घातली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पाऊस झाल्यावर, पुढच्या वर्षी, परत सुरू केला.

तुमचा हिशेब असा आहे. रोज सहा लिटर आरओचं पाणी, आणि घरगुती मशीन एका लिटरमागे साधारण तीन लिटर वाया घालवतं, म्हणजे अठरा लिटर. ते अठरा लिटर पिंपात साठवा. फरशी, बाथरूम, गाडी धुणं, भांड्यांचं पहिलं पाणी एवढं त्यात निघतं. बोअरच्या पाण्यापेक्षा ते थोडं जास्त खारट असतं, म्हणून झाडांना मात्र रोज घालू नका. ते साठवलं की टँकचा खरा खर्च सहा लिटर उरतो, एका कूलरच्या मानाने फारच थोडा. ज्या वर्षी नळ पंधरा दिवसांआड येईल आणि गल्लीत टँकर उभा राहील, त्या वर्षी टँक बंद करायची तयारी मनात ठेवा, कुणाला प्रवाळ द्यायचं ते आधीच ठरवून ठेवा. यंदा तशी वेळ नसेल तर अपराधी वाटून घेऊ नका. तुम्ही एक जिवंत गोष्ट सांभाळताय, आणि ती वाचवण्यासाठी पत्र लिहिलंत.

पुढच्या पत्रात तीन गोष्टी लिहा: पॅडचा रंग, मेंब्रेनच्या नळीच्या पाण्याचा टीडीएस, आणि रात्री काचेवर काय दिसलं.

प्रश्न (जालन्याहून): माझ्या मशरूम आणि लेदर कोरलचा रंग महिन्याभरात तपकिरी झालाय. ओळखीचा एकजण समुद्रातून काढलेलं कडक कोरल आणि लाइव्ह रॉक (बारीक जीव वसलेला समुद्री दगड) स्वस्तात पाठवतो म्हणतो, त्याने टँक सुधारेल असं तो सांगतो. घेऊ का?

उत्तर: घेऊ नका, दादा. आपल्या समुद्रातलं सगळं कडक, म्हणजे दगडी सांगाडा बनवणारं प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या रांगेत बसतात. त्यातल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक हाही याच प्रवाळांचा सांगाडा, त्यामुळे तोही त्यातच येतो. परदेशातून आलेलं कडक प्रवाळ कुणी दाखवलं तरी आयातीची कागदपत्रं आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर लागू झालेली नोंदणी मागा. ती नसेल तर तो विषय तिथंच सोडून द्या.

कायदा बाजूला ठेवला तरी मी नकोच म्हणेन. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात मी पहिल्यांदा जिवंत प्रवाळ पाहिलं तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. परातीएवढा एक गोल दगड होता, हिरवट, त्यावर बोटभर मासे चरत होते. असलं गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. म्हणजे तो दगड माझ्यापेक्षा वयाने लहान नसावा. लक्षद्वीपच्या प्रवाळाने १९९८, २०१० आणि २०१६ च्या तापलेल्या पाण्यात मोठा फटका खाल्लाय. जे उरलंय त्यातलं कुणी छिन्नीने तोडून प्लास्टिकच्या पिशवीतून जालन्याला पाठवतंय, आणि ते दहा दिवसांत आपल्या बैठकीत मरणार, हे मला सहन होत नाही.

तपकिरी रंगाची मात्र भीती बाळगू नका. प्रवाळाच्या आतलं शैवाल वाढलं की रंग तपकिरी दिसतो. ते जिवंत आहे, पांढरं पडलेलं नाही. बहुधा उजेड कमी आणि खाणं जास्त. लाइटच्या काचेवर साचलेलं मीठ आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा, कार्बन बदला, माशांचं खाणं दिवसातून एकदाच करा आणि सहा आठवडे थांबा.

प्रश्न (नांदेडहून): मे महिन्यात दुपारी सहा तास वीज गेली. दुसऱ्या दिवशी सगळं कोरल आक्रसलेलं, एक मासा मेला. पुन्हा असं झालं तर काय करू?

उत्तर: पहिला शत्रू गरमी नसते, प्राणवायूची कमतरता असते. गरम पाणी प्राणवायू कमी धरतं आणि पंप बंद पडले की वरचं पाणी खाली जात नाही. घरच्या इन्व्हर्टरवर टँकमधली एकच वस्तू जोडा: पाणी हलवणारा वेव्हमेकर. लाइट, स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) काहीही त्यावर नको. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणून ठेवा, तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतो. फ्रीझरमध्ये दोन बाटल्या गच्च झाकण लावून गोठवून ठेवा. तापमान २८ च्या वर गेलं की एक बाटली तशीच बंद टँकमध्ये सोडा, बर्फ थेट पाण्यात कधीही टाकू नका. टँकचं झाकण काढून ठेवा. वीज येईपर्यंत माशांना खायला देऊ नका, आणि वीज आल्यावर स्किमर दोन तासांनी सुरू करा.